एस्टीमचं पॉवर स्टेअरिंग काढून साधा रॅक बसवताना

पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा काढून टाकला की स्टेअरिंग मॅन्युअल झालं, असं छातीठोक सांगणारे लोक मला सारखे भेटतात. त्यातल्या एकानंही तसली गाडी संध्याकाळच्या गर्दीत सोलापूरच्या नवी पेठेत पार्क करून दाखवलेली नाही.

मी धंद्यानं टर्नर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट करतो. हौसेपोटी मारुतीची एक जुनी एस्टीम व्हीएक्स सांभाळली आहे. एसी काढलेला, मागचं सीट काढलेलं, सकाळी लवकर तुळजापूर रोडला एक चक्कर मारायची आणि कधी मित्राच्या मोकळ्या रानात प्लास्टिकचे कोन ठेवून फेऱ्या मारायच्या, एवढाच तिचा उपयोग. तिचं पॉवर स्टेअरिंग उतरवून साधा रॅक बसवला. रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दातांचा दांडा आणि त्याची नळी; साधा म्हणजे पंपाच्या मदतीशिवायचा. ते काम कसं करायचं आणि कुठं हात आखडता घ्यायचा, ते इथं लिहितोय.

आधी हे कुणी करू नये ते सांगतो. घरात एकच गाडी असेल, ती आई-वडील किंवा खांदा दुखणारं कुणी चालवत असेल, तर विषय इथंच संपला. डिझेल इंजिनाच्या जड नाकाच्या गाडीलाही हे करू नये. एस्टीम नऊशे किलोच्या आतबाहेरची, पेट्रोलवाली, म्हणून जमतं. शिवाय तिचं नशीब चांगलं आहे. १९९० साली आलेली मारुती १००० हाताच्या जोरावरच वळायची, १९९४ च्या एस्टीमचं अंग तेच, आणि सुरुवातीच्या एलएक्स मॉडेललाही कंपनीचाच साधा रॅक यायचा. म्हणजे आपण नवं काही शोधून काढत नाही, त्याच घरातला दुसरा पार्ट लावतोय.

मी ह्या फंदात पडलो कारण रॅक गळत होता. सील किट टाकून बघावं तर आत दांड्यावर गंजाचे खड्डे पडलेले. खड्डे असलेला दांडा नवं सील पुन्हा खाणार, हे कुठल्याही टर्नरला सांगावं लागत नाही. दांडा हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायचा, तर त्यापेक्षा साधा रॅक स्वस्त. हातात रस्ता जास्त जाणवतो आणि इंजिनावरचा पंपाचा भार जातो हे खरंच आहे, पण निव्वळ त्यासाठी चांगला चालणारा रॅक मी काढला नसता.

आता पट्टा काढून का भागत नाही ते. पॉवर रॅकमध्ये दातांचा दांडा असतोच, पण त्याच दांड्यावर एक पिस्टन बसवलेला असतो आणि भोवतीची नळी म्हणजे सिलिंडर. वर पिनियनपाशी, म्हणजे स्टेअरिंगच्या टोकाला दांडा सरकवणारं छोटं दातेरी चाक असतं तिथं, एक फिरता व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की तो व्हॉल्व्ह पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला सोडतो, दुसऱ्या बाजूचं टाकीकडे परत पाठवतो. पंप बंद, पण तेल आत, तर तुमच्या मनगटानं पिस्टन ढकलून ते तेल बारीक भोकांतून पळवायचं. रंगपंचमीची भरलेली पिचकारी तोंडावर बोट ठेवून दाबून बघा, तसं ते लागतं. त्यातून पॉवर रॅकच्या दातांचं प्रमाणच वेगळं. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत त्याला साधारण तीन फेऱ्या लागतात, साध्या रॅकला साडेतीन-चार. कमी फेऱ्या म्हणजे प्रत्येक फेरीला जास्त जोर. मदत काढून घेतली तरी हा हिशेब बदलत नाही.

म्हणून खरे रस्ते दोनच. एक, कंपनीचा साधा रॅक मिळवून बसवायचा. दोन, आपलाच पॉवर रॅक उघडून आतला पिस्टनचा सील काढायचा, आत तेलाऐवजी ग्रीस भरायचं आणि सिलिंडरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या, म्हणजे आतली हवा इकडून तिकडं मोकळी फिरेल. दोन्ही नळ्यांची तोंडं नुसती उघडी ठेवलीत तर पहिल्या पावसात आत चिखल जातो. फेऱ्या मात्र तेवढ्याच राहतात, त्यामुळे हाताला जडच लागणार.

दुसऱ्या रस्त्यात एक खाचखळगा आहे. पिनियनच्या आत, व्हॉल्व्ह आणि पिनियन यांच्यामध्ये, एक बारीक सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. ती पिळते म्हणून व्हॉल्व्हला कळतं की ड्रायव्हर जोर लावतोय. पंप गेल्यावर ह्या पिळण्याचा उपयोग काहीच उरत नाही, फक्त स्टेअरिंगमध्ये एक लवचिक ढिलेपणा राहतो. यावर इंटरनेटवरचा इलाज असा की बार वेल्ड करून टाका. आमच्या शेजारच्या शेडमधला वेल्डर तर मशीन घेऊनच उभा राहिला होता.

"ओ मालक, दोन टाके मारतो की. दहा मिनिटाचं काम."

"तुझे टाके गेटला मार," म्हटलं.

वेल्डिंगवर माझंही पोट आहे, म्हणूनच नको म्हणतो. तो भाग कडक केलेल्या स्टीलचा. टाका मारला की टाक्याच्या कडेची पट्टी ठिसूळ होते, शेजारचं बेअरिंग आणि सील भाजतं, आणि नंतर तडा गेला तर तो बाहेरून दिसत नाही. तुळजापूरच्या घाटात तो तुटल्यावर वेल्डरला फोन करून काय करायचं? ज्या गाडीला साधा रॅक मुळात आलाच नाही, तिथं लोक नाइलाजानं हे करतात आणि चांगल्या मशीन शॉपमधून करून घेतात. एस्टीमवाल्याला तो नाइलाज नाही. मी पहिला रस्ता धरला, पुढचं सगळं त्याच रस्त्याचं.

रॅक विकत घेताना

सोलापुरात भंगारवाल्यांकडे आधी विचारा, नाही मिळाला तर हैदराबाद किंवा मुंबईचं कुर्ला. बिल घ्या, गाडी कुठली होती ते त्यावर लिहून घ्या. आणि नुसता रॅक उचलू नका. टाय रॉड (रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या सळया), दोन्ही क्लॅम्प, त्यांचे रबर बुश आणि स्टेअरिंग कॉलमच्या खालचा जॉइंट, एवढं त्याच गाडीचं एकत्र मागा. साध्या आणि पॉवर रॅकच्या पिनियनचे दाते सारखेच असतील असं धरून चालू नका. दुकानातच जॉइंट पिनियनवर चढवून बघायचा, हातानं सरकत बसला तर ठीक. हातोडी मागावी लागली तर तो तुमचा जॉइंट नव्हे.

परदेशी व्हिडिओ बघून बाहेरून रॅक मागवायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा, त्यातल्या बहुतेक गाड्यांचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. रॅक उलटा करून चालत नाही.

तपासायचं असं. पिनियन दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. एखाद्या जागी अडतंय म्हणजे दांडा वाकलेला, तो सोडून द्या. मधोमध सैल आणि कडांना घट्ट लागला तर मधले दात झिजलेत, कारण गाडी आयुष्यभर सरळच जास्त चालते. मग पिनियनच्या विरुद्ध टोकाला दांडा वर-खाली हलवून बघा. तिथं प्लास्टिकचा बुश असतो आणि जुन्या मारुतींमध्ये खराब रस्त्यावरची ती ओळखीची खडखड बऱ्याचदा तिथूनच येते. बुश झिजला म्हणून रॅक टाकून देऊ नका, बुश नवा मिळतो. मी लेथवर नायलॉनचा करून घालू शकलो असतो, पण नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं. बाजारातलाच घातला.

घरी आणल्यावर रबरी बूट काढून जुनं ग्रीस पुसून काढा. ते काळं आणि वाळूमिश्रित असेल तर दात रॉकेलनं धुऊन, वाळवून, नवं लिथियम ग्रीस लावा. ठासून भरायचं नाही, दातांना आणि बुशला लागेल एवढंच. रॅकच्या पोटाला एक मोठा नट असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि प्लंजर, तो दांड्याला पिनियनवर दाबून धरतो. खडखड कमी करायला बरेच मेकॅनिक हा नट आवळून ठेवतात. खडखड जाते आणि सोबत वळण घेतल्यावर स्टेअरिंगचं आपोआप परत येणंही जातं. साध्या स्टेअरिंगमध्ये तर ते लगेच जाणवतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेवढं आवळा, दिलं असेल तेवढं मागे सोडा, आणि पूर्ण प्रवासात कुठेही जड होत नाही ना ते बघून चेकनट लावा.

जुनं उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह सोडा. मागच्या चाकांना अडण, पुढून गाडी उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. दगड-विटांवर नाही, आमच्याकडे ही सवय फार आहे. पुढची चाकं सरळ करा आणि सीटबेल्ट स्टेअरिंगच्या आऱ्यांतून घेऊन लावून टाका, म्हणजे खालून जॉइंट सुटल्यावर स्टेअरिंग गरगर फिरणार नाही. एअरबॅगवाल्या गाडीत तर हे विसरलात तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटते. एस्टीममध्ये ती भानगड नसली तरी हॉर्नचं कनेक्शन आहेच.

टाकीची परतीची नळी सोडून बाटलीत घाला, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, बहुतेक तेल बाहेर येतं. हे सीटबेल्ट लावण्याआधी करायचं, उघड आहे. तेल गटारात नाही, जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या. मेच्या उन्हात दुपारी ह्या कामाला बसू नका, पान्यालासुद्धा हात लावता येत नाही.

पाइपांचे नट फ्लेअर नटच्या पान्यानं सोडा. साध्या पान्यानं कोपरे झिजले की मग पाइप कापूनच काढावा लागतो. पंप आणि त्याचं ब्रॅकेट उतरवण्याआधी एक गोष्ट नीट बघा: त्याच पट्ट्यावर आणखी काय चालतंय. पट्टा एसीच्या कॉम्प्रेसरलाही फिरवत असेल तर पंप गेल्यावर लांबी बदलणार. उरलेल्या पुल्यांभोवती न ताणणारी सुतळी गुंडाळून मापा, ताण द्यायचा बोल्ट मधोमध ठेवून, आणि त्या मापाचा गाडीचा पट्टा घ्या. लूमच्या मोटरचा पट्टा आपल्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतो, पण त्याचा काप आणि गाडीच्या पुलीची खाच जुळत नाही, तो घसरतो. वॉटर पंपाच्या पट्ट्याला तर हात लावायचाच नाही.

पंपावर किंवा पाइपावर एक छोटा प्रेशर स्विच असतो. स्टेअरिंग टोकाला नेलं की तो इंजिनाला आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला फिरण्याचा वेग, वाढवायला सांगतो. त्याची वायर मोकळी ठेवा, तोंडावर टेप गुंडाळून बांधून टाका. ती कुठं बॉडीला टेकली तर आयडल कायम चढलेलं राहतं आणि मग लोक कार्बोरेटर, इंजेक्टर, सेन्सर असं सगळं बदलत बसतात.

टाय रॉड सोडण्याआधी प्रत्येक बाजूला किती आटे दिसतात ते मोजून खडूनं लिहा. स्प्लिट पिन काढा, नट सोडा, पण पूर्ण काढू नका, शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्या. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर चाकाकडच्या आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे जॉइंट बसतो त्या भोकाच्या, एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूनं ठोका. जॉइंट उडी मारून सुटतो, नट असल्यामुळे खाली पडत नाही. आट्यांवर कधीही ठोकायचं नाही. मग कॉलमचा खालचा पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढा, तो खाचेत अडकतो म्हणून नुसता ढिला करून भागत नाही. क्लॅम्प सोडले की रॅक बाजूनं सरकवून काढायचा. इंजिनाच्या मागे हात जायला जागा फार नाही, तेव्हा घाई करू नका आणि कोपरं सोलली तर बोंब मारू नका.

बसवताना

नव्या रॅकचा मध्य आधी जमिनीवर काढा. एका टोकाला न्या, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियनच्या फेऱ्या मोजा, बरोबर अर्ध्यावर आणून पिनियनवर आणि बॉडीवर रंगाची खूण करा. स्टेअरिंग सरळ, रॅक मध्यावर, अशा स्थितीत जॉइंट चढला पाहिजे. हे चुकलं की नंतर टाय रॉड वाकडे-तिकडे फिरवून स्टेअरिंग सरळ दाखवतात, आणि गाडी एका बाजूला कमी वळते, दुसऱ्या बाजूला जास्त.

क्लॅम्पखालचे रबर नवे घाला. रॅक मूळच्या उंचीवरच बसला पाहिजे. वायसर घालून वर-खाली केलात तर खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप वळतं. रॅकचे बोल्ट, पिंच बोल्ट, टाय रॉडचे नट, हे तिन्ही टॉर्क पान्यानं, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. अंदाजानं नाही. स्प्लिट पिन नव्या. नट आणि भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका.

टाय रॉडवर आधी मोजलेले आटे ठेवा. वर्कशॉपपर्यंत गाडी न्यायची म्हणून मागच्या चाकांना टेकवून दोन्ही बाजूंनी दोरा ताणा आणि पुढची चाकं दोऱ्याला समांतर आहेत का ते बघा. सोलापुरात चांगल्या दोऱ्याला तोटा नाही. पण ही फक्त तात्पुरती सोय, मशीनवर अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय हायवेला जायचं नाही.

जड लागतंय म्हणून तक्रार करण्याआधी

टायर बघा. एस्टीमला १७५/७० आर १३ पुरतात. रुंद टायर आणि बाहेर निघालेली अलॉय लावलेली असतील तर साधं स्टेअरिंग तुम्हाला त्याची शिक्षा देणार. हवा पुढे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवून बघा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. सस्पेन्शन किंवा टॉप माउंट बदलून कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) वाढवला असेल तर तोही जोर वाढवतो. गाडी सरळ छान पळते, पण वळवताना तिचं नाक उचलावं लागतं.

आणि ते छोटं रेसिंगचं स्टेअरिंग काढून ठेवा. ३७० मिलिमीटरच्या जागी ३३० मिलिमीटरचं लावलं की तेच वळण घ्यायला सुमारे १२ टक्के जास्त जोर लागतो. भागाकार करून बघा, सोपं गणित आहे.

चालवायची सवयही बदलायला हवी. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायचं नाही, चाक वीतभर सरकू द्या आणि मग वळवा. चालत्या गाडीत फरक एवढा कमी होतो की होटगी रोडला माझ्या शेजारी बसलेल्याला कळलंच नाही. त्याला कळलं ते मधल्या मारुतीच्या देवळापाशी, समोरून हातगाडी आणि मागून रिक्षा आल्यावर, माझ्या दंडाकडे बघून.

ज्यांच्याकडे स्विफ्ट किंवा तिच्यासारखी इलेक्ट्रिक स्टेअरिंगची गाडी आहे त्यांना हे काहीच लागू नाही. तिथं तेल नाही, कॉलमवर मोटर आहे. फ्यूज काढून चालवून बघाल तर ती मेलेली मोटरही तुम्हालाच फिरवावी लागते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच मॉडेलचा कंपनीचा रॅक लावणं आणि घरगुती वेल्डिंग करणं ह्यात मला तरी जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, पण माझं वाटणं इन्शुरन्सच्या दाव्यात चालत नाही. आपल्या एमएच-१३ च्या आरटीओ ऑफिसात आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, रॅकचं बिल गाडीच्या फाइलला लावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची असते आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियमातला ९८ क्रमांकाचा नियम स्टेअरिंगचाच आहे. स्टेअरिंगचा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, बोल्ट आणि पिना लॉक केलेल्या हव्यात. ३७० मिलिमीटरच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ ९७ मिलिमीटर. इतका ढिलेपणा असलेली गाडी मी शेजाऱ्याच्या गेटपर्यंतही नेणार नाही. कडेला टेप चिकटवून, चाकं जमिनीवर असताना, चाक हलायच्या आत टेप किती सरकते ते मोजा. माझ्याकडे २० मिलिमीटरच्या पुढे गेलं की शोध सुरू होतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासल्यावर हे माप लिहून ठेवा आणि नंतर वाढलं तर ह्या क्रमानं बघत जा: आधी कॉलमचा खालचा जॉइंट, मग टाय रॉडचे बॉल जॉइंट, मग क्लॅम्पचे रबर, मग रॅकचा बुश. पोटाचा तो नट सगळ्यात शेवटी.